व्ही.सी.आर.ची निगा



अनेक घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा पलंगाखालच्या पेटीत काही काळ्या कॅसेट ठेवलेल्या असतात. एखादीवर शाईने लिहिलेले असते, 'शादी, १९९१'. दुसरीवर असते, 'ईद, १९९४'. तिसरीवर काहीच लिहिलेले नसते. या कॅसेटमध्ये तुमचे अब्बा कदाचित तुमच्याच वयाचे असतील. ज्यांना तुम्ही कधी पाहिले नाही ते आजोबा अंगणात खुर्ची टाकून बसलेले असतील, कोणाला तरी हाक मारीत असतील. ती हाक पुन्हा ऐकायची असेल, तर एकच यंत्र उपयोगी पडते. ते म्हणजे व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर, म्हणजेच आपण ज्याला व्ही.सी.आर. म्हणतो ते यंत्र.

आज हे यंत्र दुकानात नवे मिळत नाही. व्ही.सी.आर. तयार करणारी शेवटची मोठी कंपनी जपानची फुनाई ही होती. तिने जुलै २०१६ मध्ये हे उत्पादन थांबवले. म्हणून घरात असलेले जुने यंत्र चालू स्थितीत ठेवणे आता फार महत्त्वाचे झाले आहे. यंत्र घाण असेल तर ते कॅसेटमधील फीतही खराब करते. यंत्र कधीतरी दुसरे मिळेल, पण लग्नाची ती फीत दुसरी मिळणार नाही.

या पाठात आपण व्ही.सी.आर. कसे काम करते, त्यात घाण कोठून येते आणि त्याची सफाई कशी करावी हे पाहू. 'सफाई', 'दुरुस्ती', 'खबरदारी', 'नक्कल' हे शब्द मराठीत आहेत आणि तुमच्या उर्दूतही आहेत. त्यामुळे हा पाठ तुम्हाला परका वाटणार नाही.

यंत्राचा थोडा इतिहास

चित्र फितीवर साठवण्याचे पहिले यशस्वी यंत्र अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने १९५६ साली लोकांपुढे आणले. ते मोठ्या कपाटाएवढे होते. त्यातील फीत सुमारे ५ सेंटिमीटर रुंद होती. असे यंत्र फक्त दूरदर्शन केंद्रांनाच परवडत असे. घरात वापरता येईल असे लहान यंत्र बनवण्यासाठी पुढे अनेक कंपन्यांनी प्रयत्न केले. जपानच्या सोनी कंपनीने १९७५ साली 'बीटामॅक्स' ही पद्धत आणली. दुसऱ्याच वर्षी, १९७६ साली, जपानच्याच जे.व्ही.सी. कंपनीने 'व्ही.एच.एस.' ही पद्धत आणली. काही वर्षे या दोन पद्धतींमध्ये चुरस चालली. शेवटी व्ही.एच.एस. जिंकली. आपल्या घरांतील बहुतेक कॅसेट याच पद्धतीच्या असतात.

भारतात १९८२ साली दिल्लीला आशियाई खेळ झाले. त्याच वर्षी दूरदर्शनवर रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. रंगीत टी.व्ही.च्या पाठोपाठ व्ही.सी.आर.ही आला. कोकणातील कितीतरी घरांत तो आखाती देशांत नोकरीला गेलेल्या माणसांनी आणला. गल्लीगल्लीत व्हिडिओ लायब्ररी निघाल्या. तेथून एका रात्रीसाठी कॅसेट आणि यंत्र दोन्ही भाड्याने मिळत. लग्नात व्हिडिओ काढण्याची पद्धत सुरू झाली. नाशिक जिल्ह्यातील मालेगावात नासिर शेख यांनी २००० साली गावातीलच माणसांना घेऊन 'मालेगाव के शोले' हा विनोदी चित्रपट व्हिडिओवर तयार केला. मोठ्या शहरात न जाता आणि मोठे भांडवल नसतानाही चित्रपट काढता येतो, हे त्यातून दिसले.

यंत्राच्या आत काय घडते?

सफाई करण्यापूर्वी यंत्राची रचना समजली पाहिजे. कोणता भाग नाजूक आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याने त्यावर हात फिरवू नये.

कॅसेटमधील फीत सुमारे १२.७ मिलिमीटर रुंद असते. तीन तासांच्या कॅसेटमध्ये सुमारे २५० मीटर फीत असते. ही फीत पॉलिस्टर नावाच्या प्लास्टिकची असते. तिच्या एका बाजूवर लोहाच्या ऑक्साइडचे अतिशय बारीक कण चिकटद्रव्यात मिसळून लावलेले असतात. हे कण चुंबकीय असतात. चित्र आणि आवाज यांची नोंद याच कणांत होते.

कॅसेट आत गेली की यंत्र तिचे झाकण उघडते, फीत बाहेर ओढते आणि चकचकीत धातूच्या एका गोल भागाभोवती गुंडाळते. या भागाला ड्रम म्हणतात. ड्रमचा व्यास ६२ मिलिमीटर असतो आणि तो थोडा तिरका बसवलेला असतो. त्याच्या कडेला समोरासमोर दोन अतिशय लहान हेड्स असतात. काही यंत्रांत ती चार किंवा अधिक असतात. हेड म्हणजे फितीवरील चुंबकीय नोंद वाचणारा भाग.

भारतात चालणाऱ्या पाल पद्धतीच्या यंत्रात हा ड्रम मिनिटाला १,५०० फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला २५. फीत मात्र अगदी सावकाश चालते. ती सेकंदाला फक्त २.३ सेंटिमीटर पुढे सरकते. गाण्याच्या साध्या कॅसेटमधील फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर चालते. म्हणजे व्हिडिओची फीत गाण्याच्या फितीपेक्षाही हळू चालते! मग एवढे मोठे चित्र तीत मावते कसे? त्याचे कारण फिरणारे हेड. ड्रम वेगाने फिरत असल्यामुळे हेड फितीवरून सेकंदाला सुमारे ४.८ मीटर वेगाने घासत जाते. ड्रम तिरका असल्यामुळे फितीवर तिरक्या रेषा पडतात. प्रत्येक रेषा सुमारे ४९ मायक्रॉन रुंद असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केससुद्धा बहुधा या रेषेपेक्षा जाड असतो.

आता एक हिशेब करून पाहू. तीन तास म्हणजे १०,८०० सेकंद. त्याला ४.८ मीटरने गुणले तर ५१,८४० मीटर, म्हणजे जवळजवळ ५२ किलोमीटर होतात. तीन तासांचा एक चित्रपट पाहिला की दोन्ही हेड्स मिळून फितीवर सुमारे ५२ किलोमीटर धावतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कल्याणपर्यंतचे रेल्वेचे अंतर जवळजवळ एवढेच आहे. इतके अंतर घासत जाणाऱ्या हेडच्या वाटेत धूळ आली तर काय होईल, याची कल्पना करा.

ड्रमशिवाय आणखी काही भाग फितीला स्पर्श करतात. ड्रमच्या आधी एक हेड असते. नवी नोंद करताना ते जुनी नोंद पुसून टाकते. ड्रमच्या पुढे आवाजाचे हेड असते. त्याच्याजवळ धातूची एक बारीक उभी दांडी फिरत असते. तिला कॅपस्टन म्हणतात. रबराचे एक काळे चाक फितीला या दांडीवर दाबून धरते. हे पिंच रोलर होय. दांडी आणि रबरी चाक मिळून फीत एकसारख्या वेगाने पुढे ओढतात. वाटेत लहान लहान खांब असतात. ते फितीला वळण देतात.

मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजी येथील मुलांनी यंत्रमाग पाहिला असेल. मागावर धाग्याचा ताण कमी झाला की गुंता होतो आणि ताण वाढला की धागा तुटतो. व्ही.सी.आर.मध्ये फितीचेही तसेच आहे.

घाण कोठून येते?

घाण तीन प्रकारे येते. पहिला प्रकार बाहेरच्या धुळीचा. रस्त्याची धूळ, कापसाचे तंतू, स्वयंपाकघरातील तेलकट वाफ, अगरबत्ती आणि सिगारेटचा धूर हे सारे यंत्रातील भोकांतून आणि कॅसेटच्या तोंडातून आत जाते.

दुसरा प्रकार फितीच्या स्वतःच्या घाणीचा. फीत जुनी झाली की तिच्यावरील ऑक्साइडचे कण सुटू लागतात. ते तपकिरी भुकटीच्या रूपाने हेडवर आणि खांबांवर बसतात. भाड्याच्या, शेकडो वेळा चाललेल्या कॅसेट यासाठी बदनाम होत्या.

तिसरा प्रकार ओलाव्याचा. मुंबई आणि कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते. फितीवरील चिकटद्रव्य ओलावा शोषून घेते आणि चिकट होते. त्यावर बुरशीही वाढते. बुरशी लागलेली एक कॅसेट यंत्रात घातली की बुरशी हेडला लागते. त्यानंतर घातलेल्या प्रत्येक कॅसेटला ती मिळते. एका सडक्या आंब्याने टोपलीतील सारे आंबे नासावेत, तसे हे आहे.

लक्षणे ओळखा

डॉक्टर आधी लक्षणे पाहतात आणि मग औषध देतात. यंत्राच्या बाबतीतही हाच नियम पाळावा.

चित्रावर बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके दिसत असतील, किंवा आवाज येतो पण चित्र दिसत नसेल, तर ड्रमवरील हेड्स घाण झाली असण्याची शक्यता आहे. आधी दुसरी चांगली कॅसेट लावून पाहावी. तीत चित्र स्वच्छ दिसले, तर दोष यंत्राचा नसून पहिल्या कॅसेटचा आहे.

चित्राच्या वर किंवा खाली खरखरीत पट्टा दिसत असेल, तर प्रथम 'ट्रॅकिंग'चे बटण हळूहळू फिरवून पाहावे. या बटणामुळे हेड फितीवरील रेषेवर नीट येते. पुष्कळ वेळा एवढ्यानेच काम होते.

आवाज दबका किंवा कमी-जास्त येत असेल, तर आवाजाचे हेड घाण झालेले असू शकते. फीत मागे नेताना यंत्र मध्येच थांबत असेल, तर आतील रबराचा पट्टा सैल झालेला असू शकतो. कॅसेट बाहेर काढताना फीत आत अडकत असेल, म्हणजे लोकांच्या भाषेत यंत्र 'फीत खात' असेल, तर रबरी चाक कडक किंवा गुळगुळीत झालेले असू शकते, किंवा फीत गुंडाळणारे चाक घसरत असते. अशा वेळी यंत्र लगेच बंद करावे. फीत जोराने ओढू नये.

चित्र आणि आवाज स्वच्छ असतील, तर यंत्र उघडू नये. विनाकारण केलेली सफाईही हेडला इजा करू शकते.

सफाईपूर्वीची खबरदारी

मित्रांनो, हा भाग दोनदा वाचा.

व्ही.सी.आर.मध्ये घरातील २३० व्होल्टची वीज येते. तिचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग भिंतीतून पूर्ण काढावा आणि अर्धा-एक तास थांबावे. वीज बंद केल्यावरही यंत्रातील काही भागांत ती काही काळ साठून राहते. म्हणून प्लग काढल्यावरही वीजपुरवठ्याच्या भागाला कधीही हात लावू नये. मुलांनी हे काम एकट्याने करू नये. यंत्र उघडताना घरातील जाणते मोठे माणूस किंवा कारागीर जवळ असलाच पाहिजे. झाकण उघडे ठेवून यंत्र चालू करू नये.

लागणारे साहित्य

१. आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते शक्य तितके शुद्ध असावे. हे द्रव्य पेट घेते, म्हणून जवळ दिवा, शेगडी किंवा सिगारेट असू नये. खिडकी उघडी ठेवावी.

२. मऊ चामड्याची काडी. तयार काडी मिळाली नाही, तर मऊ, तंतू न सुटणाऱ्या चामड्याचा स्वच्छ तुकडा चालतो.

३. कानासाठी वापरतात तशा कापसाच्या काड्या. या फक्त खांब आणि इतर भागांसाठी वापराव्यात. ड्रमवरील हेडसाठी त्या वापरू नयेत. कापसाचा तंतू हेडच्या टोकात अडकतो आणि त्या ओढीने टोक तुटू शकते.

४. योग्य मापाचा पेचकस, स्क्रू ठेवण्यासाठी एक वाटी आणि चांगला उजेड.

सफाईची कृती

१. प्रथम आत कॅसेट नाही याची खात्री करावी. मग प्लग काढून थांबावे.

२. यंत्राच्या दोन्ही बाजूंचे आणि मागचे स्क्रू काढून वरचे झाकण अलगद उचलावे. स्क्रू वाटीत ठेवावेत. झाकणाखाली ड्रम चटकन ओळखू येतो.

३. ड्रमच्या चकचकीत भागाला बोट लावू नये. बोटाचा घाम आणि तेलकटपणा त्यावर डाग पाडतो आणि पुढे फीत तेथे चिकटू शकते.

४. कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून थोडी निथळू द्यावी. तिने फितीच्या वाटेवरील खांब, पुसणारे हेड, आवाजाचे हेड आणि कॅपस्टनची दांडी पुसावी. काडी तपकिरी झाली की नवी घ्यावी. घाण झालेली काडी पुन्हा बाटलीत बुडवू नये. काडी स्वच्छ निघेपर्यंत पुसावे.

५. रबरी चाक स्वच्छ कापड साबणाच्या सौम्य पाण्यात भिजवून, घट्ट पिळून पुसावे. मग कोरड्या कापडाने टिपावे. रबरावर अल्कोहोल वारंवार लावले तर ते कोरडे पडते. चाकावर भेगा दिसत असतील, तर सफाईने काम होणार नाही. ते बदलावे लागते.

६. शेवटी ड्रमकडे वळावे. चामड्याची काडी अल्कोहोलने ओली करावी. ती ड्रमच्या बाजूला अगदी हलक्या हाताने टेकवून स्थिर धरावी. दुसऱ्या हाताने ड्रमचा वरचा भाग, चकचकीत कडेला स्पर्श न करता, सावकाश फिरवावा. काडी हलवू नये, ड्रम फिरवावा. असे पाच-सहा फेरे पुरतात.

७. काडी कधीही खालून वर किंवा वरून खाली घासू नये. हेडचे टोक फेराइट नावाच्या ठिसूळ पदार्थाचे असते. आडव्या दिशेने होणारे घर्षण ते सहन करते, कारण फीतही त्याच दिशेने घासत असते. उभ्या दिशेने थोडा जरी दाब आला तरी ते मोडते. मोडलेले हेड जोडता येत नाही आणि नवा ड्रम मिळणे आता अवघड झाले आहे.

८. सर्व भाग पूर्ण वाळू द्यावेत. उन्हाळ्यात १५ मिनिटे पुरतात. पावसाळ्यात अर्धा तास तरी थांबावे. ओल्या ड्रमवर फीत गेली तर ती चिकटते आणि फाटते.

९. झाकण आणि स्क्रू जागच्या जागी बसवावेत. वाटीत एकही स्क्रू उरता कामा नये. मगच प्लग लावावा. पहिली कॅसेट बिनमहत्त्वाची लावावी. ती दहा-पंधरा मिनिटे नीट चालली, तरच घरातील जपलेली कॅसेट लावावी.

काय करू नये?

पेट्रोल, रॉकेल, तेल मिसळलेले स्पिरिट, अत्तर यांपैकी काहीही वापरू नये. अत्तराला सुगंध असला तरी त्यात तेल असते. हेडला सुगंध नको, स्वच्छता हवी. यंत्र कुरकुर करते म्हणून आत शिवणयंत्राचे तेल सोडू नये. ते रबरावर आणि पट्ट्यांवर पसरते आणि चाके घसरू लागतात. तोंडाने फुंकर मारू नये, कारण फुंकरीबरोबर थुंकीचे बारीक थेंब जातात. आतील खांबांचे स्क्रू फिरवू नयेत. ते कारखान्यात अचूक मोजमापाने बसवलेले असतात.

बाजारात हेड साफ करण्याची कॅसेट मिळत असे. अजूनही काही घरांत ती असते. तिचे दोन प्रकार आहेत, कोरडी आणि ओली. कोरड्या कॅसेटची फीत खरखरीत असते. ती हेडवरील घाण खरडते, पण तिच्याबरोबर हेडही झिजवते. म्हणून ती तिच्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा अधिक चालवू नये आणि चित्र बिघडल्याशिवाय वापरू नये.

यंत्र कोठे ठेवावे?

यंत्र सपाट आणि कोरड्या जागी ठेवावे. ते चालू असताना त्यावर भरतकाम केलेले कापड झाकू नये. त्यामुळे हवेची भोके बंद होतात आणि आतील भाग तापतात. यंत्र बंद झाल्यावर, थंड झाले की कापड अवश्य झाकावे. यंत्रावर फुलदाणी किंवा पाण्याचा पेला ठेवू नये. वीज कडाडत असेल तेव्हा प्लग काढून ठेवावा.

थंड खोलीतून दमट खोलीत यंत्र आणले, तर थंड ड्रमवर पाण्याचे बारीक थेंब जमतात. बर्फाच्या पाण्याने भरलेला पेला बाहेरून ओला होतो, तसेच हे आहे. असे यंत्र दोन तास तरी चालू करू नये. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा यंत्र थोडा वेळ चालवावे. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या यंत्रातील रबर कडक होते आणि वंगण घट्ट होते.

कॅसेटची काळजी

यंत्र स्वच्छ ठेवले आणि कॅसेट घाण असली, तर सारी मेहनत वाया जाते. कॅसेट पाहून झाली की ती पूर्ण मागे न्यावी, डबीत घालावी आणि पुस्तकासारखी उभी ठेवावी. ती उन्हात, टी.व्ही.वर किंवा मोठ्या स्पीकरजवळ ठेवू नये. स्पीकरमध्ये चुंबक असते आणि चुंबकाने नोंद पुसली जाऊ शकते.

कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडा पाहाव्यात. तेथे पांढरी भुकटी किंवा डाग दिसले, तर ती बुरशी असू शकते. अशी कॅसेट यंत्रात मुळीच घालू नये. ती प्लास्टिकच्या पिशवीत वेगळी ठेवावी आणि जाणकार माणसाकडे द्यावी. बुरशीची धूळ श्वासातून आत जाणे आरोग्यालाही वाईट असते.

तुटलेली फीत घरच्या साध्या चिकटपट्टीने जोडू नये. तिचा डिंक उन्हाळ्यात वितळतो आणि हेडला चिकटतो. खूप वर्षे न लावलेली कॅसेट पाहण्यापूर्वी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे न्यावी. त्यामुळे फितीचा ताण सारखा होतो.

कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकची एक लहान पट्टी असते. ती मोडली की त्या कॅसेटवर नवी नोंद करता येत नाही. लग्नाच्या, सभेच्या किंवा घरगुती समारंभाच्या कॅसेटची ही पट्टी मोडून टाकावी. कितीतरी घरांत ही पट्टी तशीच राहिली, कोणीतरी चुकून लाल बटण दाबले आणि निकाहाच्या जागी क्रिकेटचा सामना भरला गेला. पट्टी मोडायला एक क्षण लागतो. पुसलेली नोंद मात्र परत येत नाही.

नक्कल करून ठेवा

निगा कितीही राखली तरी फीत अमर नाही. तिच्यावरील चिकटद्रव्य दरवर्षी थोडे थोडे कमकुवत होते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी अभिलेखागाराने २०१५ सालीच इशारा दिला होता की, ज्या फितींची २०२५ पर्यंत संगणकावर नक्कल होणार नाही, त्यांतील बहुतेक कायमच्या गमावल्या जातील. त्यामागे फिती खराब होणे हे एक कारण होते. त्या चालवणारी यंत्रे आणि दुरुस्त करणारी माणसे संपत चालली आहेत, हे दुसरे कारण होते. ते वर्ष आले, तरी जी कॅसेट अजून चालते तिची नक्कल आजही करता येते.

त्यासाठी व्ही.सी.आर.च्या मागे चित्राची आणि आवाजाची तार जोडतात. चित्राची तार बहुधा पिवळी असते. आवाजाची पांढरी किंवा लाल असते. एका लहान उपकरणातून या तारा संगणकाला जोडल्या की, कॅसेट चालू असताना तिची नोंद संगणकात होत जाते. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. येथे घाई चालत नाही. नक्कल झाली की ती किमान दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी. मूळ कॅसेटही फेकू नये.

मित्रांनो, यंत्र साफ करणे मोठ्यांचे काम आहे, पण एक काम तुम्हीच करू शकता. कॅसेट चालू असताना आजीच्या शेजारी वही घेऊन बसा. पडद्यावर एखादा चेहरा आला की विचारा, "हे कोण?" तिने सांगितलेले नाव, नाते आणि गाव लिहून घ्या. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, दोन्हींत लिहिले तर अधिक चांगले. ड्रम स्वच्छ असेल तर चेहरे स्पष्ट दिसतील, पण त्यांची नावे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. ती ज्यांना ठाऊक आहेत ती माणसे जवळ आहेत तोवरच ही वही भरता येईल.

स्वाध्याय

१. व्हिडिओची फीत हळू चालत असूनही तीत चित्र कसे मावते?

२. ड्रमवरील हेड कापसाच्या काडीने का साफ करू नये?

३. कारणे लिहा : अ) सफाईनंतर लगेच कॅसेट घालू नये. आ) बुरशी लागलेली कॅसेट यंत्रात घालू नये. इ) चित्र स्वच्छ असेल तर यंत्र उघडू नये.

४. या पाठातील 'करू नये', 'पुसावे', 'ठेवावी' यांसारखी दहा क्रियापदे शोधून लिहा. त्यांचा वापर करून सायकलची निगा या विषयावर आठ वाक्ये लिहा.

५. उपक्रम : घरातील किंवा शेजारच्या जुन्या कॅसेटची यादी करा. प्रत्येक कॅसेटवरील प्रसंग, वर्ष आणि त्यात दिसणाऱ्या माणसांची नावे मोठ्यांना विचारून लिहा.